विद्यार्थ्याने उघड्या डोळ्यांनी ग्रहण पाहिलं, आणि डॉक्टरांना रेटिनाचा उपचार सुचला!

जुलै १९४५. युरोपातलं महायुद्ध संपून जेमतेम दोन महिने झाले होते. हॅम्बर्गमध्ये मेडिकलच्या एका विद्यार्थ्याने उघड्या डोळ्यांनी सूर्यग्रहण पाहिलं आणि रेटिना भाजून घेतला. तिथल्या नेत्रविभागात तेव्हा एक पंचविशीतले डॉक्टर होते, गेरहार्ड मायर-श्विकेराथ.

जर्मनीत १९२० साली जन्मलेल्या या डॉक्टरांना त्या भाजल्याच्या व्रणात वेगळंच काही दिसलं. रेटिनाला भोक पडलं की आतलं पाणी मागे शिरतं आणि ओल आलेल्या भिंतीचा पापुद्रा सुटावा तसा पडदा सुटतो. मग भोकाभोवती मुद्दाम असा चटका दिला तर? व्रण धरेल आणि पडदा जागेवर चिकटून राहील.

त्यांनी चक्क आरशांनी ऊन खाली आणून थेट पेशंटच्या डोळ्यात सोडलं! (घरी करून बघायचा प्रकार नाही, हे सांगायला नकोच.)

खरा प्रश्न होता, चटका किती द्यायचा? कमी पडला तर रेटिना चिकटत नाही, जास्त झाला तर रक्तस्राव. त्यात हॅम्बर्गचं ढगाळ आकाश. ढग आला की डोस बदलला. डोळ्याच्या आत मीटर लावता येत नाही, म्हणून नजर रेटिनावर ठेवायची. तव्यावर अंड्याचा पांढरा भाग शिजतो, तसा पारदर्शक रेटिना चटक्याने पांढुरका होतो. पांढरं दिसलं की थांबायचं.

उन्हाच्या लहरीला कंटाळून ते कार्बन आर्क दिव्याकडे वळले. पुढे १९५०च्या दशकात झाइस कंपनीचे हान्स लिटमन यांच्यासोबत झेनॉन दिव्याचं यंत्र तयार झालं. त्याचा प्रकाश इतका दुखायचा की डोळ्यामागे भुलीचं इंजेक्शन द्यावं लागे. १९६० मध्ये लेसर आला आणि हळूहळू झेनॉन मागे पडला.

आज डायबेटिसमुळे रेटिना बिघडला की लेसर करतात, तेव्हा मशीनवर पॉवर, ठिपक्याचा आकार आणि मिलिसेकंद हे सगळं सेट करता येतं. तरी तोच आकडा प्रत्येक डोळ्यात सारखा चटका देत नाही. रेटिनामागचं रंगद्रव्य कमी-जास्त असतं, मोतीबिंदू असेल तर प्रकाश अडतो. म्हणून डॉक्टर कमी पॉवरने सुरुवात करतात आणि रंग बघत बघत ती वाढवतात.

मायर-श्विकेराथ पुढे एसेनच्या नेत्रविभागाचे प्रमुख झाले. १९९२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.