आकडेवारीने पूर्वग्रह खोडणारा संशोधक

फिलाडेल्फिया शहर कृष्णवर्णीयांच्या गुन्हेगारीमुळे रसातळाला चालले आहे, असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील अनेक प्रतिष्ठितांचा ठाम समज होता. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९६ मध्ये २८ वर्षांच्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पाचारण केले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. तरीही विद्यापीठाने त्यांना देऊ केले ते दुय्यम साहाय्यकपद आणि ९०० डॉलर. शिकविण्यासाठी वर्ग मात्र दिला नाही.

नवविवाहित पत्नीसह त्यांनी सातव्या वॉर्डातच बिऱ्हाड थाटले. जुगार, दारू आणि मारामाऱ्यांसाठी बदनाम असलेल्या या वस्तीतील सुमारे अडीच हजार कुटुंबांचे दरवाजे त्यांनी स्वतः ठोठावले. कोण कुठून आले, काय काम करते, भाडे किती देते, याची नोंद केली. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ या ग्रंथात त्यांनी गुन्हे नाकारले नाहीत. उलट स्वजनांनाही खडे बोल सुनावले. (त्यांचा तो उपदेशकी सूर आज काहीसा खटकतो.) मात्र गुन्ह्याचे मूळ वंशात नसून परिस्थितीत आहे, हे त्यांनी साधार मांडले. गुलामगिरीचा वारसा, खेड्यांतून शहराकडे आलेले लोंढे, कामगार संघटनांनी आणि कारखान्यांनी बंद केलेली दारे, परिणामी वाट्याला आलेली घरकामे आणि निकृष्ट खोल्यांचे चढे भाडे! कृष्णवर्णीयांना क्षुल्लक कारणावरून अटक होते व शिक्षाही अधिक मिळते. त्यामुळे तुरुंगातील संख्येवरून वंशाचा स्वभाव ठरविता येत नाही, हेही त्यांनी बजावले.

सत्य समोर ठेवले की अन्याय थांबेल, ही त्यांची श्रद्धा त्याच वर्षी डळमळली. जॉर्जियात सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने जिवंत जाळले. निषेधाचे पत्र घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघालेल्या डु बॉइस यांना, होजची जळालेली बोटांची हाडे दुकानात मांडल्याचे वाटेत कळले. ते तसेच माघारी फिरले.

पुढे ते चळवळीत उतरले. १९१० पासून जवळपास पाव शतक त्यांनी ‘द क्रायसिस’ हे नियतकालिक संपादित केले. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांना पत्र लिहून, अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी घानात त्यांचे निधन झाले. वर्ग नाकारणाऱ्या विद्यापीठाने २०१२ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद प्राध्यापकपद दिले.