भय आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, कोलंबिया आणि लंडन येथील उच्च शिक्षण, महाड, नाशिक, संविधान, नागपूरची दीक्षा. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चांद्यास झालेला दीक्षा समारंभ तर आपल्या मुलखाचा अभिमानाचा ठेवा आहे. त्या काळी कुरखेड्याचा हा परिसर चांदा जिल्ह्यातच मोडत होता. परंतु या सनावळीत बाबासाहेबांचे एक रूप हरवून जाते. जयंतीच्या व्याख्यानांतून ते जन्मजात निर्भय म्हणून उभे केले जातात. मग प्रथमच घर सोडून वसतिगृहात आलेले आणि सती नदीला पूर आला की रात्रभर कूस बदलणारे लेकरू स्वतःला भित्रे समजू लागते. बाबासाहेबांनी मात्र ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत स्वतःचे भय मुळीच झाकून ठेवलेले नाही.

त्यांपैकी पहिली आठवण १९०१ सालची. आई वारलेली. वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळी सुटीत वडिलांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दिवंगत बहिणीचे दोन मुलगे अशी चार मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. येत असल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने चौकशी केली, मुलांनी सरळपणे जात सांगितली आणि त्याचा चेहराच पालटला. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार, या अटीवर एकजण राजी झाला. तीन तासांची वाट म्हणून त्याने सांगितले होते.

वाटेत नदीकाठी गाडीवान गावात जेवायला गेला. मुलांजवळ शिदोरी होती, परंतु नदीतले पाणी गढूळ; त्याला शेणामुताची घाण येत होती. जेवण अर्धवट टाकून त्यांना तहानलेलेच पुढे निघावे लागले. अंधार पडला. तीन तास केव्हाच उलटले, गाव येईना, दिवा दिसेना, गाडीवान धड उत्तर देईना. रात्री दहाच्या सुमारास मुलांचा धीर सुटला आणि ती रडू लागली, गाडीवानाला शिव्याशाप देऊ लागली. हे सारे बाबासाहेबांनीच लिहिले आहे. मध्यरात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाका लागला. तेथे मुसलमान असल्याचे सांगून, उर्दूत बोलून त्यांनी पाणी मागितले. तेही मिळाले नाही.

यापुढचा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. बैल सोडलेले होते, मुलांनी गाडीतच अंथरूण पसरले. अन्न जवळ असून पाण्यावाचून ते खाता येत नव्हते. अशा वेळी थोरल्या भावाने सुचवले की चौघांनी एकदम झोपणे बरे नाही. दोघांनी झोपावे, दोघांनी जागावे. त्याप्रमाणे पाळीपाळीने रात्र काढली गेली. पहाटे पाचला गाडीवान निघण्याची घाई करू लागला, तेव्हा मुलांनी साफ नकार दिला. आठ वाजेपर्यंत गाडी हलणार नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. चांगले उजाडल्यावर ती निघाली आणि अकराला गोरेगावी पोहोचली. काही तासांपूर्वी हुंदके देणारी हीच मुले! त्यांचे भय गेले नव्हते. पण पहारा कोणी द्यायचा आणि कधी निघायचे एवढे त्यांनी आपल्या हाती घेतले होते. जंगलात वाट चुकलेल्यांना जाणती माणसे याहून वेगळे काय सांगतात?

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेब एकटे होते. परदेशी विद्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात कोणी जागा देईना, म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. एके सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्याने वर आले. जीव जाण्याची वेळ आली, हे बाबासाहेबांनी ओळखले. ते हुज्जत घालत बसले नाहीत. त्यांनी मुदत मागितली, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान घेऊन जीव वाचवला. दोन स्नेह्यांनी घरात घेण्यास असमर्थता दाखवली. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंत पाच तास ते कामाठीबागेत बसून राहिले. त्यांना अश्रू आवरले नव्हते. पुढे अठरा वर्षांनी लिहितानाही आवरले नाहीत.

महाडला मात्र प्रश्न एकट्याच्या जिवाचा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून प्रतिनिधी मंडपाकडे परतले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई कोणीतरी उठवली आणि लाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. जेवत असलेल्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले, बायकामुलांनाही सोडले नाही. अनेकांना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला. बाबासाहेब प्रवासी बंगल्यात होते. बातमी येताच मोजक्या सहकाऱ्यांसह ते बाहेर पडले, रस्त्यात गाठलेल्या जमावाला देवळात जाण्याचा कोणताही बेत नसल्याचे त्यांनी शांतपणे सांगितले आणि जखमींची व्यवस्था पाहिली.

बंगल्यावर परतले तेव्हा आपलीच शंभरेक माणसे तेथे संतापाने धुमसत उभी होती. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले पुष्कळ शिपाई होते; लढण्याचे त्यांना भय नव्हते. फक्त एका शब्दाचा अवकाश होता. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. गावोगावी एकेकटे परतणाऱ्या, विखुरलेल्या माणसांवर त्या एका शब्दाचा सूड उगवला गेला असता, हे इतिहासाच्या कोणाही अभ्यासकाला दिसेल. माझ्या मते तळ्याची ओंजळ जितकी मोलाची, तितकीच ही घटकाही. पण आपल्या भाषणांत तिला दोन वाक्येही मिळत नाहीत.

सूड घेण्याऐवजी प्रकरण कायद्याच्या वाटेने नेले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. डिसेंबरात सत्याग्रही पुन्हा महाडला जमले, तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आडवा आला. बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. मिरवणूक तळ्याला फेरी घालून परतली. पाण्याला कोणी हात लावला नाही. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, तो १७ मार्च १९३७ रोजी.