हसन फथी : मातीच्या विटेला प्रतिष्ठा देणारा वास्तुकार

सिमेंट आणि लोखंड हीच प्रगतीची खूण मानली जात होती, त्या काळात उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटेला आधुनिक वास्तुकलेत मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत इजिप्तचे वास्तुकार हसन फथी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. गरिबाला परवडेल, हवामानाला साजेल आणि डोळ्यांनाही सुखावेल असे घर गावच्या मातीतूनच उभे राहू शकते, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. मात्र या विचाराची सर्वांत मोठी कसोटी ठरलेले त्यांचे गाव अपुरेच राहिले.

फथी यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. १९२६ मध्ये त्यांनी कैरो येथे वास्तुकलेची पदवी घेतली आणि १९३० पासून तेथील ललित कला विद्यालयात अध्यापन सुरू केले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी स्वतःच्या कुटुंबाच्या शेतजमिनीवर पाऊलही ठेवले नव्हते. तेथे प्रथम गेल्यावर शेतमजुरांच्या कोंदट, मोडक्या झोपड्या पाहून ते अस्वस्थ झाले. ग्रामीण घरांचा प्रश्न त्यांच्या कार्याच्या केंद्रस्थानी आला तो तेव्हापासून.

भिंतींसाठी माती मुबलक होती. अडचण छताची होती. इजिप्तमध्ये इमारती लाकूड दुर्मिळ, त्यात दुसऱ्या महायुद्धामुळे लाकूड आणि लोखंड यांची आयात मंदावलेली. कैरोजवळील बहतीम येथे त्यांनी सेंटरिंगशिवाय मातीच्या विटांचे कमानदार छत उभारण्याचा प्रयत्न केला, परंतु ते छत कोसळले. ही विद्या न्यूबियात अद्याप जिवंत असल्याचे भावाकडून कळताच फथी १९४१ मध्ये अस्वान परिसरात गेले. तेथील गवंडी लाकडाचा आधार न घेता केवळ विटा आणि चिखल यांच्या साहाय्याने छत घालत होते.

ती पद्धत साधी पण विलक्षण होती. खोलीच्या मागची भिंत उंच बांधून तिच्यावर चिखलाने कमानीची रेषा आखली जाई. पहिला थर त्या भिंतीवर किंचित रेलून ठेवला जाई आणि पुढचा प्रत्येक थर आधीच्या थरावर रेलत जाई. विटा पातळ असत आणि वजन कमी राहावे म्हणून त्यांत भुसा अधिक घातलेला असे. ओल्या विटेवर बोटांनी ओढलेल्या खाचांमुळे ती चिखलाला घट्ट धरून राही. लुक्सरजवळील रामेसियम मंदिराच्या कोठारांवरील याच प्रकारची छते तीन हजारांहून अधिक वर्षे टिकून आहेत. मातीचे बांधकाम अल्पायुषी असते, या समजाला फथी यांना याहून भक्कम उत्तराची गरज उरली नाही.

लवकरच मोठी संधी चालून आली. लुक्सरच्या पश्चिम तीरावरील गुर्ना या वस्तीतील सुमारे ७,००० लोक प्राचीन थडग्यांच्या परिसरातच राहत होते आणि थडग्यांतील वस्तूंच्या चोरट्या व्यापारावर अनेकांचा चरितार्थ चाले. एका थडग्यातील कोरीव शिल्पच कापून नेल्याचे उघडकीस आल्यावर पुरातत्त्व विभागाने वस्ती हलवण्याचे ठरवले. नव्या गावाचे काम १९४५ मध्ये फथी यांच्याकडे आले. न्यूबियातून गवंडी बोलावण्यात आले आणि स्थानिक तरुणांना त्यांच्या हाताखाली तयार करण्यात आले. सर्व घरे एका साच्यातून न काढता प्रत्येक कुटुंबाची गरज पाहून आराखडा करावा, असा फथी यांचा आग्रह होता. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह आणि अंगणांभोवती गुंफलेली घरे यांतून गाव आकार घेऊ लागले.

परंतु ज्यांच्यासाठी गाव उभे राहत होते, त्यांनाच ते नको होते. स्थलांतर म्हणजे उपजीविकेवर पाणी सोडणे होते. घुमट तर त्यांना कबरींची आठवण करून देत. बंधारा फोडून नव्या वस्तीत पाणी सोडण्याचा प्रकारही घडला. सरकारी दिरंगाईची त्यात भर पडली आणि दशक संपण्यापूर्वीच काम थांबले. मातीने भार पेलला होता. लोकांची संमती मात्र मिळाली नव्हती.

१९५७ मध्ये फथी अथेन्सला गेले आणि काही वर्षांनी मायदेशी परतले. १९६४ मध्ये कैरो येथे झालेल्या तुलनात्मक चाचणीत मातीच्या खोलीतील तापमान दिवसरात्रीत जेमतेम २ अंशांनी बदलले, तर तयार काँक्रीटच्या खोलीत ते ३६ अंश सेल्सिअसपर्यंत चढले. खार्गा मरूद्यानातील त्यांचे न्यू बारिस हे गावही १९६७ च्या युद्धामुळे अर्धवट राहिले. गुर्नाच्या अनुभवावरील त्यांचे पुस्तक १९६९ मध्ये कैरोत आणि १९७३ मध्ये शिकागोत प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकामुळे हा फसलेला प्रकल्प जगभरच्या वास्तुकारांचा पाठ बनला. १९८० मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार आणि आगा खान वास्तुकला पुरस्काराचा अध्यक्षीय सन्मान मिळाला. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले.

पुढे वाढत्या भूजलाने आणि क्षारांनी न्यू गुर्नाचे पाये पोखरले. वाढत्या कुटुंबांनी अनेक घरे पाडून काँक्रीटची बांधली. २०१० मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने या गावाचा धोक्यातील वारशांच्या यादीत समावेश केला आणि युनेस्कोच्या पुढाकाराने प्रमुख वास्तूंच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले. मातीच्या वास्तूला सतत डागडुजी लागते आणि ती करणारे हात गावातलेच असावे लागतात. त्यामुळे येथे प्रश्न केवळ भिंती वाचवण्याचा नाही. गवंड्याचे कौशल्य आणि रहिवाशांची आपुलकी टिकली, तरच फथी यांचे गाव टिकेल.