मळ्यातल्या मजुरांचा देश कोणता? बापूजी अणे आणि सिलोन

श्रीलंका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अनुराधापूरचा बोधिवृक्ष येतो. अमरावती-अकोल्याचे उपासक व्हिसा काढून जातात, वंदना करून परत येतात. त्याच बेटावरच्या चहामळ्यांत ब्रिटिश काळात लाखो तमिळ मजूर राबत होते. त्यांत पल्लर, परैयर, चक्किलियर या दलित जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. १९४३ मध्ये त्यांची बाजू मांडायला भारत सरकारने कोलंबोला पाठवलेला प्रतिनिधी आपल्या वऱ्हाडातला होता: लोकनायक बापूजी अणे.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीला झाला. अमरावतीत काही वर्षे शिक्षकी केली, मग यवतमाळला वकिली. ते टिळकांचे अनुयायी आणि वऱ्हाड काँग्रेसचे अध्यक्ष. १९३० मध्ये पुसदच्या जंगलात गवत कापून त्यांनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या विरोधात मालवीयांबरोबर वेगळा पक्ष काढला. ते आपल्या चळवळीचे नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे.

१९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते आले. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब मजूर खाते घेऊन त्याच मंडळात आले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणावरून अणे यांनी राजीनामा दिला. बाबासाहेबांनी दिला नाही. त्याच वर्षी अणे कोलंबोला गेले.

हे पद विचित्रच होते. भारत इंग्रजांचा गुलाम, सिलोनही इंग्रजांचे. एका वसाहतीने दुसऱ्या वसाहतीत ठेवलेला हा वकील. १९२३ पासून कँडीला भारत सरकारचा एजंट असे. मजुरांच्या तक्रारी ऐकणे, मजुरीवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. मजूर मंडपमच्या छावणीतून, कंगाणी नावाच्या मुकादमाच्या हाताखाली जात. १९२१ पर्यंत 'तुंडू' नावाची कर्जाची चिठ्ठी असे. नव्या मळेवाल्याने ते कर्ज फेडल्याशिवाय मजुराला मळा बदलता येत नसे. मी वस्त्यांत दाखल्यांची कामे करते, त्यामुळे एका चिठ्ठीत माणूस कसा अडकतो ते मला सांगावे लागत नाही.

१९३१ मध्ये सिलोनला प्रौढ मताधिकार मिळाला, पण भारतीय मजुराला आपण इथेच कायम राहणार हे सिद्ध करावे लागे. १९३९ मध्ये तिथल्या सरकारने रोजंदारीवरच्या भारतीयांना कामावरून कमी केले, तेव्हा भारताने मजूर पाठवणेच बंद केले. अणे पोहोचले ते हा तिढा तसाच असताना. त्यांच्याच काळात सोलबरी आयोग आला आणि नागरिकत्वाचा प्रश्न सिलोनच्या हाती सोडून गेला. अणे यांच्याकडे प्रतिष्ठा होती, अधिकार नव्हता. त्यांच्यामागचे दिल्ली सरकारच लंडनच्या हुकमातले.

१९४७ मध्ये ते परतले आणि पुढे बिहारचे राज्यपाल झाले. १९४८ मध्ये सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला आणि सुमारे सात लाख माणसे कोणत्याच देशाची उरली नाहीत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात ५ लाख २५ हजार भारताला, ३ लाख सिलोनला अशी त्यांची वाटणी झाली. दीड लाखांचा निर्णय पुढे ढकलला. अणे तेव्हा नागपूरचे खासदार होते. २६ जानेवारी १९६८ रोजी ते गेले. मळ्यांत उरलेल्यांना नागरिकत्व देणारा श्रीलंकेचा कायदा २००३ मध्ये आला.