मुलांच्या सहलीचा योजक : बेडन-पॉवेल

मंडळीतील मुलांची सहल ठरली की आपण प्रथम वाहन व भोजन यांच्या तजविजीस लागतो. स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्या चरित्रातून याविषयी काही अधिक शिकण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील धर्मोपदेशक असून ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. १८७६ साली ते लष्करी अधिकारी म्हणून भारतात आले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंगच्या वेढ्यात त्यांनी नाव मिळविले.

ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्याची आखणी पाहा. बड्या शाळांतील श्रीमंत मुले आणि बॉइज ब्रिगेड या ख्रिस्ती संघटनेतील कष्टकऱ्यांची मुले त्यांनी एकत्र बोलाविली. श्रीमंतांस एक पौंड, तर इतरांस साडेतीन शिलिंग शुल्क ठेविले. सर्वांच्या चार तुकड्या करून प्रत्येकीवर एक मुलगाच नायक नेमला. निरीक्षण, वनविद्या, जीवरक्षण अशा विषयांस दिवस वाटून दिले. कोणी गरीब म्हणून मागे राहिला नाही, की कोणी श्रीमंत म्हणून वेगळा बसला नाही.

१९०९ साली ही चळवळ भारतात प्रथम बंगळूर येथे रुजली. परंतु येथे तिचे द्वार आरंभी भारतीय मुलांस बंद होते. ब्राउनसीवर जो भेद मिटला, तोच येथे वर्णाच्या रूपाने उभा राहिला, ही खेदाची गोष्ट होय. १९१६ साली अ‍ॅनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. १९२१ साली बेडन-पॉवेल स्वतः भारतात आले व ती संघटना मूळ प्रवाहात सामील झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकच राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

८ जानेवारी १९४१ रोजी केनियातील न्येरी येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कबरीच्या शिळेवर एक वर्तुळ व मध्ये बिंदू कोरला आहे. स्काउटांच्या मार्गखुणांत त्याचा अर्थ, वाटचाल संपली, घरी परतलो, असा होतो.

वाचकहो, पुढील सहलीची यादी कराल तेव्हा आलेली नावे अवश्य मोजा. परंतु वर्गणीमुळे वा संकोचामुळे कोणाचे नाव राहून गेले, याचा शोध आधी घ्या.