सूचिकार शंकर गणेश दाते

मुद्रणकला रुजल्यानंतरच्या दीडशे वर्षांत मराठीत कोणती पुस्तके छापली गेली, ती कोणी लिहिली, कोठे आणि केव्हा प्रसिद्ध झाली, या प्रश्नांना आज जे भरवशाचे उत्तर मिळते, त्याचे श्रेय मुख्यतः ‘मराठी ग्रंथसूची’चे कर्ते कै. शंकर गणेश दाते (1905-1964) यांच्याकडे जाते. शब्दकोशकार यशवंत रामकृष्ण दाते हे निराळे. आडनावाच्या साम्यामुळे दोघांची गल्लत पुष्कळदा होते.

दात्यांच्या आधी याद्या झाल्या नव्हत्या असे नाही. मुंबई इलाख्यातील देशी भाषांच्या पुस्तकांची एक यादी सर अलेक्झांडर ग्रँट यांनी 1864 पर्यंतच्या ग्रंथांची केली होती. 1867 च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. ब्रिटिश म्यूझियममधील मराठी पुस्तकांची ब्लूमहार्टकृत यादी 1892 मध्ये निघाली. परंतु 1867 चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या राज्यातील मराठी मुलूख, त्यात मराठवाड्याबरोबर आदिलाबाद जिल्हाही आला, त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. म्यूझियमच्या यादीत तर लंडनला पोहोचलेलीच पुस्तके येणार. या याद्या जोडूनही संपूर्ण चित्र उभे राहत नव्हते.

ते उभे करण्याचे काम दात्यांनी पुण्यात राहून अंगावर घेतले. सूचीच्या पहिल्या खंडासाठी त्यांनी 1800 ते 1937 हा कालखंड निवडला. हा खंड दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कागदाची टंचाई असताना छापून निघाला. अशा कामाचे कष्ट वरून दिसत नाहीत. जुन्या पुस्तकांचे मुखपृष्ठ फाटलेले असते. साल कधी शकात दिलेले असते, कधी मुळीच नसते. एकाच नावाचे दोन लेखक निघतात आणि एकच लेखक दोन टोपणनावांनी लिहितो. दुसरी आवृत्ती पहिली म्हणून पुढे येते. यांतील प्रत्येक गुंता सोडविल्यावर सूचीत दोन-तीन ओळींची नोंद होते. या ओळींमागची पायपीट वाचकाच्या ध्यानातही येत नाही.

दात्यांनी पुस्तकांची मांडणी दशांश वर्गीकरण पद्धतीच्या आधारे विषयवार केली. त्यामुळे एखाद्या विषयावर मराठीत आधी काय लिहिले गेले, हे अभ्यासकाला एका जागी सापडते. संशोधनात सूचीचा पहिला उपयोग हाच. झालेले काम नकळत पुन्हा करण्याचे श्रम वाचतात, आणि आद्यत्वाचा दावा करण्यापूर्वी तो पडताळून पाहता येतो. दुसरा उपयोग याहून मोलाचा आहे. ज्याची एकही प्रत जवळपास उरलेली नाही असे पुस्तक एके काळी होते, एवढे तरी सूचीमुळे कळते. आणि नाव, लेखक, साल हाती आले की शोधाला दिशा मिळते.

मोठ्या ग्रंथसंग्रहांपासून दूर असणाऱ्या वाचकाला याचे महत्त्व अधिक. आदिलाबादचेच उदाहरण घ्यावे. हैदराबाद राज्याची 1956 मध्ये विभागणी झाली, तेव्हा जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले व उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. 2014 पासून तो तेलंगणात आहे. माणसे आणि पुस्तके सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली. दात्यांच्या सूचीची मर्यादा मात्र भाषेची होती, प्रांताची नव्हती. मराठी मुद्रणाचा आरंभच मुळी महाराष्ट्राबाहेरचा आहे. कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये बंगालातील श्रीरामपूरला छापले गेले, तर तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून इसापनीतीचे मराठी भाषांतर बाहेर पडले.

एका सूचीने सारे भागते असेही नव्हे. आदिलाबादच्या गोंडांवरील दोन महत्त्वाची पुस्तके, हायमेनडॉर्फ यांचे 1948 चे आणि सेतुमाधवराव पगडी यांचे 1949 चे, इंग्रजीत आहेत. ती मराठी ग्रंथसूचीत शोधून उपयोग नाही. कोणती सूची काय सांगते आणि काय सांगत नाही, हे जाणणे हाही संशोधनाचाच भाग होय.

1938 ते 1950 या वर्षांचा दुसरा खंड 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी दात्यांचे निधन झाले. दात्यांसह दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांच्या नावे असलेली 1800 ते 1950 मधील मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने 1969 मध्ये प्रकाशित केली. ती पाहण्यास ते राहिले नव्हते. 1950 नंतरच्या ग्रंथांची सूची पुढे शरद केशव साठे यांनी चालविली, आणि राज्य मराठी विकास संस्थेने दात्यांच्या सूचीचे पुनर्मुद्रण केले.

कोणतीही सूची पूर्णत्वाला पोहोचत नाही, हे सूचिकाराइतके दुसरे कोणी जाणत नाही. जुन्या ग्रंथालयांच्या तळच्या कपाटांत, वाळवी आणि ओल यांच्याशी झगडत, सूचीत न आलेले एखादे पुस्तक अजूनही असू शकेल. त्याची नोंद होण्याआधीच ते रद्दीत गेले, तर ते होते हे सांगणाराही कोणी उरत नाही. दात्यांनी आयुष्य वेचले ते हे होऊ नये म्हणून. आपल्या संग्रहातील पुस्तके त्यांच्या सूचीशी ताडून पाहणे आणि जे तेथे नाही त्याची नीट नोंद करणे, एवढे काम प्रत्येक जुन्या ग्रंथालयाला करता येण्यासारखे आहे. त्यांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन कोणते असणार?