चालत्या खंडांचे द्रष्टे : आल्फ्रेड वेगेनर

सात खंडे आणि पाच महासागर आपण प्राथमिक शाळेतच पाठ केलेले असतात. नकाशावर बोट ठेवून आफ्रिका दाखविता आली, अटलांटिक दाखविता आला की गुण मिळतात. पण ही खंडे तेथेच का आहेत आणि महासागरांची ही अफाट खोलगट पात्रे कशी निर्माण झाली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्यांनी तो विचारला, त्यापायी विद्वानांची टीका सोसली आणि अखेर बर्फात देह ठेवला, त्या आल्फ्रेड वेगेनर यांची ओळख मला भूगोलाच्या अभ्यासातून झाली. ती माझ्या मित्रमैत्रिणींना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन येथे झाला. १९०५ साली त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळविली, पण त्यांचे मन रमले ते हवामानशास्त्रात. १९०६ मध्ये थोरले बंधू कुर्ट यांच्यासह ५२ तासांहून अधिक काळ फुग्यातून विहार करून त्यांनी त्या काळचा उच्चांक नोंदविला. त्याच वर्षी ते ग्रीनलंडच्या पहिल्या मोहिमेवर गेले. हवामानाचे प्रकार शिकताना ज्यांचे नाव आपण घोकतो, ते कोपेन पुढे त्यांचे सासरे झाले.

दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत चपखल बसतात, हे नकाशा पाहताना त्यांच्या लक्षात आले. हे साम्य त्यांच्या आधीही काहींना दिसले होते. वेगेनर मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. ते पुराव्यांच्या मागे लागले. मेसोसॉरस नावाच्या पाण्यातील लहानशा सरपटणाऱ्या प्राण्याचे अवशेष फक्त दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांच्या दक्षिणेकडील भागांतच सापडतात. हा प्राणी अटलांटिक पोहून गेला काय? ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि थेट अंटार्क्टिका इतक्या दूरदूरच्या भूमीत मिळाले आहेत. आपल्या चंद्रपूरकडील कोळशाच्या थरांतही ते आहेत. आणि उन्हाने होरपळणाऱ्या त्याच चंद्रपूरच्या परिसरात प्राचीन हिमनद्यांनी ओरखडलेले खडकही आहेत! एकेकाळी ही सारी भूमी एकत्र होती आणि दक्षिण ध्रुवाजवळ होती असे मानले, तरच या कोड्याचा उलगडा होतो.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे त्यांनी हा विचार प्रथम जाहीरपणे मांडला. पुढे महायुद्धात ते दोनदा जखमी झाले. त्याच धामधुमीत, १९१५ साली, खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरील त्यांचा छोटासा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला.

दोन खंडांना जोडणारे जमिनीचे पूल पूर्वी होते आणि ते समुद्रात बुडाले, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. वेगेनर यांनी या कल्पनेच्या मुळावरच घाव घातला. खंड आणि महासागर यांतला फरक नुसत्या पाण्याचा नाही, तो खडकांचा आहे, असे त्यांनी दाखविले. खंडांचे खडक ग्रॅनाइटसारखे हलके, तर सागरतळाचे बेसॉल्टसारखे जड. मग हलका खंड जड तळात बुडणार कसा? लाकूड पाण्यात बुडत नाही, तसेच हे आहे.

सातारा-सांगलीकरांना येथे शंका येईल. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ, मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगराचा कातळ, हा तर बेसॉल्टच! मग आपण सागरतळावर उभे आहोत काय? याचे उत्तर कोयनेच्या खोऱ्यात मिळते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तेथे दीर्घकाळ संशोधन झाले आणि अलीकडे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्रही घेण्यात आले. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा कातळ संपला आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. आपला कातळ म्हणजे खंडावर पसरलेल्या लाव्हारसाचे पांघरूण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस असताना ते पसरले.

परंतु वेगेनर यांचे म्हणणे मान्य झाले नाही. १९२६ साली न्यूयॉर्क येथील परिसंवादात त्यांच्यावर कडाडून टीका झाली. हवामानशास्त्रज्ञाने भूशास्त्रात लुडबूड का करावी, असाही सूर होता. मात्र विरोधकांना निव्वळ हटवादी म्हणणे अन्यायाचे होईल. खंडांना ढकलणारे बळ कोणते, या प्रश्नाला वेगेनर यांनी दिलेले उत्तर खरोखरच लंगडे होते. पृथ्वीच्या भ्रमणातून आणि भरती-ओहोटीतून मिळणारे बळ या कामाला फारच तोकडे पडते, हे हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखविले. पुरावे भक्कम, पण कारण चुकलेले, अशी ही अवस्था होती.

१९३० मध्ये ते पुन्हा ग्रीनलंडला गेले. किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, बर्फाच्या मध्यभागी, त्यांचे सहकारी हिवाळाभर नोंदी घेण्यासाठी राहिले होते. त्यांना रसद पोहोचविण्यासाठी वेगेनर २१ सप्टेंबरला निघाले. थंडी इतकी भयंकर, की बरोबरचे बहुतेक लोक वाटेतूनच परतले. ३० ऑक्टोबरला ते तळावर पोहोचले, तेव्हा त्यांच्यासोबत दोघेच उरले होते. १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, रास्मुस व्हिलुम्सेन या तरुण ग्रीनलंडवासी सोबत्यासह ते परत निघाले, ते किनाऱ्याला पोहोचलेच नाहीत. मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा देह सापडला. व्हिलुम्सेनने तो नीट शिवून, पुरून, वर खूण म्हणून स्की उभ्या रोवल्या होत्या. तो स्वतः मात्र कायमचा बेपत्ता झाला. वेगेनर यांचे स्मरण करताना या इमानी तरुणालाही आपण विसरू नये.

तीसएक वर्षांनी काळाने न्याय दिला. सागरतळावरील पर्वतरांगांचे नकाशे तयार झाले. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळ दोन्ही बाजूंना पसरत असल्याचा चुंबकीय पुरावा मांडला. त्यातील महत्त्वाची मोजमापे आपल्या कोकणाच्या पश्चिमेकडील समुद्रात, दूरवर असलेल्या कार्ल्सबर्ग रांगेवर घेतलेली होती! भारत आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहे.

आपली कृष्णामाईसुद्धा याचीच साक्ष देते. महाबळेश्वराहून अरबी समुद्र पश्चिमेला जेमतेम ६५ किलोमीटर. तरीही ती पाठ फिरवून वाई, कऱ्हाड, सांगली करीत सुमारे १,४०० किलोमीटरवरील बंगालच्या उपसागराला मिळते. भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून तुटले, तेव्हा आपल्या भूमीची पश्चिम कड उचलली गेली आणि उतार पूर्वेकडे झाला, असे भूशास्त्रज्ञ मानतात.

वेगेनर यांच्या चरित्रातून मी एवढेच शिकलो, की ज्ञानाला विषयांची कुंपणे नसतात. प्राणी, वनस्पती, खडक, हवामान यांचे तुकडे निरनिराळ्या खोल्यांत बंद होते. एका परक्या माणसाने दारे उघडून ते एकत्र मांडले. त्यांचे उत्तर अपुरे होते, पण त्यांचा प्रश्न खरा होता. आपणही आपापल्या विषयाचा उंबरठा ओलांडून शेजारच्या वर्गात डोकावू या. त्या द्रष्ट्या संशोधकाला हेच खरे अभिवादन ठरेल.